तीन गुणांचं गाणं

24 एप्रिल 1974, बुधवार. लिस्बनमध्ये रात्रीचे अकरा वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. 'एमिसोरेश असोसियादुश द लिश्बोआ' या रेडिओ केंद्रावर निवेदक जुआंव पाउलो दिनीज वेळ सांगतो, गायकाचं नाव घेतो, यंदाच्या युरोव्हिजनचं, म्हणजे युरोपातल्या देशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेचं, गाणं म्हणून त्याची ओळख करून देतो आणि तबकडी लावतो. पाउलो द कार्व्हाल्योचं 'इ दपोइश दु अदेउश', म्हणजे 'आणि निरोपानंतर'. प्रेयसी सोडून गेलेल्या माणसाचं गाणं: मी कोण, इथे काय करतोय, मला कुणी सोडलं, मी कुणाला विसरलो. रात्री अकराच्या सुमाराला कुठल्याही रेडिओवर लागावं तसं.

लिस्बन परिसरातल्या छावण्यांमध्ये काही तरुण लष्करी अधिकारी घड्याळ समोर ठेवून तेच केंद्र ऐकत होते. गाणं लागलं म्हणजे तयारीला लागायचं, एवढंच ठरलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत युरोपातली एक जुनी हुकूमशाही कोसळली आणि सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची लाल फुलं दिसू लागली.

अठराच दिवसांपूर्वी, 6 एप्रिलला, हेच गाणं इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजनच्या मंचावर सपशेल पडलं होतं. सतरा देशांत चौदावं, म्हणजे जर्मनी, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडच्या जोडीनं शेवटचं. गुण तीन. त्या वर्षीची पद्धत अशी होती की प्रत्येक देशाचे दहा पंच आणि प्रत्येकाला एकच मत. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. म्हणजे उरलेल्या सोळा देशांतल्या 160 पंचांपैकी तिघांना हे गाणं सर्वांत आवडलं. त्या रात्री जिंकला स्वीडनचा आब्बा, 24 गुणांनी. जगाला ती रात्र आब्बामुळे आठवते. पोर्तुगालला ती वेगळ्या कारणानं आठवते, आणि आपल्यालाही ती थोडीफार आठवायला हवी. त्याकडे पुढे येऊच.

ही स्पर्धा आपल्याकडच्या गाण्यांच्या स्पर्धांसारखी नाही. स्पर्धक गायक नसतो, देशाचं सरकारी किंवा सार्वजनिक प्रसारण केंद्र असतं. ते एक नवं गाणं पाठवतं. गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं चालत नाही, मुख्य गायकाचा आवाज थेट हवा आणि आता मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नसतात. 1998 पर्यंत साथीला खराखुरा वाद्यवृंद असे, त्यानंतर साथ ध्वनिमुद्रित. पोर्तुगालच्या वतीनं गाणं पाठवतं आरटीपी, आणि गाणं निवडायला त्यांचा स्वतःचा महोत्सव आहे, फेस्तिव्हाल दा कांसांव. तो सुरू झाला 1964 मध्ये. तेव्हा घरी हुकूमशहा सालाझारची राजवट, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आफ्रिकेतल्या वसाहतींत युद्ध आणि दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी गोवा हातातून गेलेला.

पहिल्याच वर्षी, कोपनहेगनला, आंतोनियो काल्व्हारियोच्या 'प्रार्थने'ला शून्य मिळालं. तेव्हा प्रत्येक देशाचं पंचमंडळ फक्त आपल्या पहिल्या तीन आवडींना 5, 3 आणि 1 असे गुण देई. सगळीकडे चौथं आलात तरी हातात काही नाही. त्या वर्षी पोर्तुगालसकट चार देश कोरे राहिले. कार्यक्रम चालू असताना एक माणूस मंचावर चढला होता, हातात फलक: फ्रँको (स्पेनचा हुकूमशहा) आणि सालाझारवर बहिष्कार टाका. त्याला उचलून नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू झाला. पोर्तुगालचं युरोव्हिजनमधलं पाऊल पडलं ते असं.

1967 मध्ये व्हिएन्नाला एदुआर्दो नाशिमेंतो गायला. तो अंगोलाचा, आणि या स्पर्धेच्या मंचावर गाणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष गायक. अंगोलात सहा वर्षं युद्ध पेटलेलं असताना पोर्तुगालनं अंगोलाच्या तरुणाला युरोपसमोर उभं केलं, यात राजवटीचा हात होता असं आजही बोललं जातं. हात असो वा नसो, मिळाले तीन गुण.

खरी गंमत सुरू होते ती 1969 पासून, आणि तिचं नाव आरी दुश सांतुश. हा कवी. युरोव्हिजनला गेलेली चार गाणी त्याच्या लेखणीतली. सेन्सॉरच्या नाकाखालून शब्द काढून नेण्यात याचा हात कुणी धरला नसता. 1969 चं गाणं होतं 'देशफोल्यादा', म्हणजे मक्याची कणसं सोलण्याचा गावातला सामुदायिक कार्यक्रम. शरद ऋतूत सगळा गाव कणसांच्या ढिगाभोवती बसतो, आणि ज्याच्या हाताला लाल दाण्याचं कणीस लागतं त्याला सगळ्यांना मिठी मारायचा हक्क मिळतो. वरवर पाहिलं तर गावाकडचं निरागस चित्र. त्यात मधेच एक ओळ येते: मूल जो घडवतो, तो आनंदानं घडवतो. सिमोन द ऑलिव्हेरानं ती छाती भरून म्हटली. कॅथलिक, सनातनी पोर्तुगालमध्ये एका बाईनं दूरदर्शनवर शरीरसुखाचं नाव घेतलं! तिला रस्त्यात शिव्या खाव्या लागल्या. माद्रिदमध्ये गाणं पंधरावं आलं, चार गुणांत. पण परतताना लिस्बनच्या सांता आपोलोनिया स्टेशनवर तिच्या स्वागताला माणसांची झुंबड उडाली होती. चार गुण मिळवून आलेल्या गायिकेसाठी.

1973 चं 'तोराडा', म्हणजे बैलांची झुंज, हे आरीचं सर्वांत धारदार काम. गायला फर्नांदो तोर्दो. पोर्तुगीज झुंजीत बैलाला रिंगणात मारत नाहीत. तरुणांची एक रांग हात मोकळे ठेवून त्याच्या शिंगांवर चालून जाते. तिथे उन्हातली जागा स्वस्त, सावलीतली महाग, म्हणजे प्रेक्षागृहातच समाजाची उतरंड दिसते. आरीनं हे सगळं वापरलं: ऊन-सावली, सज्जे, खांद्याला खांदा लावून श्वापदाला भिडणं. आता शेवटची ओळ बघा. झुंजीचा कार्यक्रम चालवणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे 'इंतेलिजेंत' म्हणतात, शब्दशः 'बुद्धिमान'. गाणं संपतं ते असं: आणि बुद्धिमान म्हणतो, गाणी संपली. रिंगणातला माणूस ऐकतो ती खेळ आटोपल्याची घोषणा. घरी बसलेला माणूस ऐकतो, आमचे शहाणे राज्यकर्ते आता गाणंही बंद करणार. सेन्सॉरनं पहिला अर्थ वाचून शिक्का मारला. लक्झेंबर्गमधल्या पंचांना यातला कुठलाच अर्थ लागण्याची शक्यता नव्हती; त्यांना पितळी वाद्यांची एक धावती चाल ऐकू आली.

इथे आकड्यांनी फसायला होतं, म्हणून थोडं थांबतो. 1971 ते 73 या तीन वर्षांत पोर्तुगालला 83, 90 आणि 80 गुण मिळाले. चार-पाच गुणांवरून थेट ऐंशी-नव्वदीवर! कुणालाही वाटेल की देशाचं नशीब फळफळलं. प्रत्यक्षात पद्धत बदलली होती. प्रत्येक देशाचे दोन पंच, एक पंचविशीच्या आतला आणि एक बाहेरचा, आणि दोघांनीही प्रत्येक गाण्याला 1 ते 5 गुण द्यायचेच. म्हणजे कितीही वाईट गायलात तरी दर देशाकडून दोन गुण नक्की. 1972 मध्ये अठरा देश होते, म्हणजे तळच 34 चा आणि माथा 170 चा. कार्लुश मेंदेशचे 90 त्या मोजपट्टीवर पाहिले की सातवा क्रमांक का आला ते कळतं. चांगला क्रमांक होता, पण चमत्कार नव्हता. दोन वर्षांनी पद्धत पुन्हा फिरली आणि तीन गुणांची पाळी आली. युरोव्हिजनचे गुण वर्षावर्षांत तोलू नयेत, क्रमांक तोलावा.

तर 1974. कट करणाऱ्या अधिकाऱ्यांना एकाच वेळी वेगवेगळ्या छावण्या हलवायच्या होत्या. टेलिफोनवर पाळत असण्याची भीती. रेडिओ सगळ्यांकडे असतो, तेव्हा खूण रेडिओवरून द्यायची. मोहिमेचा सूत्रधार ओतेलो साराइव्हा द कार्व्हाल्यो आणि त्याचे साथीदार गाणं शोधू लागले. बंडखोर गायकाचं गाणं लावलं तर कुणीतरी कान टवकारणार. त्यामुळे हवं होतं असं गाणं, जे त्या आठवड्यात कधीही, कुठेही लागू शकतं आणि लागलं तर कुणाच्या भुवईचा केसही हलणार नाही. नुकतंच युरोव्हिजनहून हरून आलेलं प्रेमगीत याहून सोयीचं काय असणार? जुझे निझाचे शब्द आणि जुझे काल्व्हारियोची चाल. शब्दांत राजकारणाचा लवलेश नव्हता, हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला.

पण एक अडचण होती. ते केंद्र लिस्बन आणि आसपासच्या भागापुरतंच पोहोचे. म्हणून मध्यरात्रीनंतर दुसरी खूण, देशभर ऐकू जाणाऱ्या रादियो रेनाशेंसावरून, 12 वाजून 20 मिनिटांनी: जुझे अफोंसोचं 'ग्रांदोला, व्हिला मोरेना'. (अफोंसो म्हणजे आपल्या हापूसमध्ये दडून बसलेलं तेच नाव.) या गाण्याची सुरुवात वाद्यानं होत नाही. खडीवरून चालणाऱ्या पावलांच्या आवाजानं होते, चर्र चर्र, एका लयीत. फ्रान्समधल्या एका स्टुडिओच्या आवारात माणसं खडीवर चालवून तो आवाज मुद्रित केला होता. पहिल्या खुणेचा अर्थ होता सज्ज व्हा, दुसरीचा अर्थ निघा, आता माघार नाही. जगात गाजलं ते दुसरं गाणं. ते साहजिकच आहे, त्यात लोकांचं राज्य आहे, बंधुभाव आहे. माझा जीव मात्र पहिल्यावर आहे. कामगिरी उरकून चुपचाप बाजूला झालेलं ते गाणं आहे.

आणि हे आपल्यालाही आठवायला हवं ते एवढ्यासाठी: 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण लिस्बननं ते मान्य केलं नव्हतं. त्यांच्या लेखी गोवा पोर्तुगालचाच प्रांत होता. ती राजवट गेली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर 1974 ला, नवी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं कबूल केलं. त्यांच्या बाजूनं सही मारियो सोआरेस यांची, आपल्या बाजूनं तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. कराराचं श्रेय गाण्याला देणं हा वेडेपणा होईल. पण त्या सहीपासून मागे मागे जात राहिलं की वाटेत त्या रात्रीची 10 वाजून 55 मिनिटं लागतात.

पुढच्या वर्षी पोर्तुगालनं स्टॉकहोमला पाठवलं 'माद्रुगादा', म्हणजे पहाट. गायक दुआर्ते मेंदेश हा लष्करात कॅप्टन, स्वतः त्या उठावात सामील झालेला. छातीवर कार्नेशन लावून तो गायला. क्रांतीचं गाणं, क्रांतिकारक गायक, आणि क्रमांक सोळावा. मिळालेल्या 16 गुणांपैकी 12 एकट्या तुर्कस्तानचे. युरोपला पोर्तुगालच्या क्रांतीचं कौतुक होतं, पण त्यांच्या गाण्याचं नव्हतं.

पुढची पंधरा वर्षं भराभर उलटता येतात. जुझे सीदनं 1980 मध्ये सातवा क्रमांक आणला. 1981 मध्ये कार्लुश पाइयांवनं 'प्लेबॅक' पाठवलं: ध्वनिमुद्रिका लावून ओठ हलवणाऱ्या गायकांची टिंगल, तीही अशा मंचावर जिथे ओठ हलवायला मुळातच मनाई आहे. अठरावा. विनोद उत्तम होता, पण परक्या भाषेतला विनोद पंचांपर्यंत जाईपर्यंत तीन मिनिटं संपलेली असतात.

1989 चं गाणं मात्र आपल्याला ओलांडून जाता येत नाही. दा व्हिंची या गटाचं 'कोंकिश्तादोर', म्हणजे जेता. नाचायला लावणारी चाल, चटकन ओठांवर बसणारं ध्रुवपद, आणि ध्रुवपदात नावांची यादी: ब्राझील, प्राया, बिसाव, अंगोला, मोझांबिक, गोवा आणि मकाव. तिमोरपर्यंत जाऊन आलो, मी जेता होतो. मधे एका ठिकाणी प्रेमाचे महासागरही येतात. लोझानच्या मंचावर हे गायलं गेलं तेव्हा गोव्याला भारताचं पंचविसावं राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती. राजवटीला फटका मारणाऱ्या आरीच्या देशात, क्रांतीनंतर पंधराच वर्षांत, हे गाणं घरच्या महोत्सवात जिंकलं. त्यात द्वेष नाही, हेही खरं. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाला ताल लावावा तसं ते आहे, आणि म्हणूनच ते जास्त खुपतं. साडेचारशे वर्षांची सत्ता, इन्क्विझिशन, तोडलेली देवळं यांच्या जागी प्रेमाचे महासागर! युरोपनं त्याला सोळावं नेमलं, अर्थात त्याचं कारण इतिहासाची चाड हे नसावं. पोर्तुगालच्या लग्नसमारंभांत ते आजही वाजतं.

नव्वदीत दुल्से पोंतेश आणि सारा ताव्हारेश आठव्या आल्या. 1996 मध्ये ऑस्लोला लुसिया मोनीझ हातात काव्हाकिन्यो हे छोटं तंतुवाद्य घेऊन गायली आणि सहावी आली. एकवीस वर्षं तोच उच्चांक होता. लगेच पुढच्या वर्षी सेलिया लॉसनच्या गाण्याला शून्य. त्या गाण्याचं नाव 'आंतिश दु अदेउश', निरोपाआधी. निरोपानंतरला तीन गुण, निरोपाआधीला शून्य. नावं ठेवताना कुणाच्या डोक्यात आलं नसेल का? 1999 मध्ये बारा गुण मिळाले, ते सगळे एकट्या फ्रान्समधून, जिथे लाखो पोर्तुगीज कामाला गेलेले आहेत. पाच वर्षांच्या गुणांच्या सरासरीत मागे पडलेल्या देशाला बाहेर ठेवायचा नियम तेव्हा होता. त्यात पोर्तुगाल खाली घसरला आणि 2000 मध्ये घरीच बसावं लागलं.

हे असं का होत होतं याची दोन-तीन कारणं उघड आहेत. उत्तरेकडचे देश एकमेकांना हात देतात, बाल्कनातले देतात, पोर्तुगालला शेजारी एकटा स्पेन. युरोपातली पोर्तुगीज भाषा स्वर गिळून बोलली जाते, त्यामुळे इटालियनसारखी ती कानाला आपोआप गोड लागत नाही. पण मला मोठं कारण दुसरं वाटतं. हे लोक गाणं लिहायला कवी बोलावत आले. शब्दांवर उभं असलेलं गाणं शब्द न कळणाऱ्यांपुढे ठेवायचं आणि पुन्हा हट्ट धरायचा. 1999 पासून कुठल्याही भाषेत गायची मुभा मिळाली आणि बहुतेक युरोप इंग्रजीकडे वळला. पोर्तुगालनं मधेच इंग्रजीच्या काही ओळी घालून पाहिल्या, पण अख्खं गाणं इंग्रजीत पाठवायला त्यांनी 2021 उजाडू दिलं.

2011 मध्ये देश कर्जात बुडत असताना लोकांनी मतं देऊन 'होमेंश दा लुता' हा विनोदी गट निवडला. 1974 चे पेहराव, हातात भोंगा, एक सैनिक, एक शेतकरी बाई. उपांत्य फेरीतच बाहेर. 2013 मध्ये काटकसर म्हणून आरटीपीनं स्पर्धेतूनच अंग काढून घेतलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधान संसदेत बोलत असताना प्रेक्षक सज्जातून लोक 'ग्रांदोला' गाऊ लागले आणि भाषण थांबलं.

2016 ची स्पर्धाही टाळून आरटीपीनं महोत्सव नव्यानं बांधला. गायकांऐवजी सोळा संगीतकारांना आमंत्रण दिलं: गाणं तुम्ही करा, गायक तुम्ही निवडा. त्यातल्या एक लुईझा सोब्राल. त्यांनी गाणं दिलं आपल्या धाकट्या भावाला, साल्व्हादोरला. जॅझ गाणारा मुलगा, हृदयाचा गंभीर आजार. कीव्हमधल्या सुरुवातीच्या तालमींना तो जाऊच शकला नाही. बहीण त्याच्या जागी उभी राहून गायली, कॅमेरे आणि दिवे तिच्यावर बेतले गेले.

'आमार पेलुश दोइश', दोघांच्याही वाटचं प्रेम मीच करीन. तीनच्या ठेक्यातलं वॉल्ट्झ, पियानो आणि तंतुवाद्यं. या स्पर्धेतल्या गाण्यांची एक ठरलेली खोड असते: शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी वर चढवायची, मागे आतषबाजी. इथे पट्टी चढत नाही. तो मोठ्या मंचावर न जाता प्रेक्षकांमधल्या छोट्या चौथऱ्यावर एकटाच उभा राहिला, अंगात सैल काळा कोट. शब्द 'सोझिन्यो'शी 'देव्हागारिन्यो' जुळवतात. शेवटचं '-इन्यो' गोष्ट लहान आणि लाडकी करतं: एकटा नव्हे, एकटाच बापडा, सावकाश नव्हे, अगदी हळूहळू. एकट्यानं प्रेम होत नसतं हे मला कळतं, पण हळूहळू तू पुन्हा शिकशील कदाचित. हा प्रत्यय त्यानं दर वेळी वेगळा सोडला, कधी श्वासात विरघळवून, कधी क्षणभर अडवून.

758 गुण. आजवरचा विक्रम. पंचांतही पहिला, प्रेक्षकांतही पहिला. 49 व्या खेपेला पोर्तुगाल जिंकला, पोर्तुगीजमध्येच. ते का जमलं, याचं गणित नंतर पुष्कळांनी मांडलं. मला वाटतं, यात शब्द पुन्हा सगळ्यांना कळले नाहीतच. पण शब्द म्हणणाऱ्याला ते कळतात, एवढं मात्र सगळ्यांना दिसलं. मंचावर साल्व्हादोर म्हणाला की संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना आहे. शेजारच्या स्पर्धकांना ते थोडं झोंबलं असणार. डिसेंबरात त्याच्यावर हृदय प्रत्यारोपण झालं.

पुढच्या वर्षी यजमानपद लिस्बनला. स्पर्धा भरली 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या भव्य सभागृहात. ते प्रदर्शन वास्को द गामाच्या भारत प्रवासाला पाचशे वर्षं झाल्याच्या निमित्तानं भरलं होतं, आणि जवळच त्याच्या नावाचा लांबच लांब पूल आहे. बोधवाक्य होतं, सगळे जहाजावर चढा. यजमानांचं गाणं सव्विसांत सव्विसावं आलं. जुनी सवय.

2022 मध्ये मारो 'सौदाद, सौदाद' घेऊन नववी आली, 2024 मध्ये इयोलांदा दहावी. 2025 मध्ये बाझेलला नापा हा गट गेला, मदेइरा बेटावरच्या मुलांचा. गाण्याचं नाव 'देश्लोकादु', म्हणजे आपल्या जागेवरून हललेला. शिकायला-कामाला राजधानीत आलेला बेटावरचा मुलगा आईला सांगतो, खिडकीतून बघ, मी येतोय. या शहराचा मी कधीच होणार नाही. क्रमांक एकविसावा, गुण 50. घरी आणि फ्रान्स-स्वित्झर्लंडमध्ये पांगलेल्या पोर्तुगीजांच्या फोनवर ते गाणं स्पर्धा संपल्यावरही वाजत राहिलं.